वाणी, हुंकारू आणि संगणकप्रणाली : ‘सीजीनेट स्वर’ची रचनामीमांसा

मौखिक परंपरेचा विचार साहित्याभ्यासात होतो आणि संगणकप्रणालीचा तंत्रशास्त्रात. लोकहितासाठी उभारलेल्या ध्वनिमाध्यमाच्या बाबतीत ही विभागणी अपुरी पडते. कोणी बोलावे, कोणी ऐकावे, प्रतिसाद कोणी द्यावा, हे जेथे प्रणाली ठरवते, तेथे तिची रचना ही एक प्रकारे वाङ्मयप्रकाराचीच रचना असते. छत्तीसगढमधील ‘सीजीनेट स्वर’ हे त्याचे लक्षणीय उदाहरण होय.

या विचाराचा प्रारंभबिंदू भिलईच्या परिसरात सापडतो. सोव्हिएत साहाय्याने उभ्या राहिलेल्या येथील पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी 1959 मध्ये पेटली. जवळच्या गनियारी गावच्या पंडवानी गायिका तीजनबाई याच कारखान्याच्या सेवेत होत्या. 2019 मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. पंडवानीत निवेदक एकटा नसतो. त्याच्या सोबतीचा ‘रागी’ ध्रुवपद उचलतो, मध्येच प्रश्न विचारतो, ‘हुंकारू’ भरतो. मराठी पोवाड्यातील झीलकऱ्याशी त्याचे नाते उघड आहे. मात्र रागी केवळ साथीदार नसून कथनाच्या अंतर्गत असलेला श्रोता आहे. त्याच्या हुंकाराशिवाय कथा पुढे सरकत नाही.

आधुनिक प्रसारणात हा श्रोता लोप पावला. आकाशलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये स्पष्ट केले. 2006 च्या धोरणाने सामुदायिक रेडिओ स्वयंसेवी संस्थांना खुला केला. पण स्वतंत्र बातम्या देण्याची मुभा त्यात नव्हती. 2010 मध्ये पत्रकार शुभ्रांशु चौधरी यांनी संगणकतज्ज्ञांच्या साहाय्याने सुरू केलेल्या ‘स्वर’ने रेडिओऐवजी दूरध्वनीचा मार्ग स्वीकारला, तो या पार्श्वभूमीवर. ठरावीक क्रमांकावर फोन करून एक कळ दाबली की संदेश ध्वनिमुद्रित करता येई. दुसरी दाबली की इतरांचे संदेश ऐकता येत. पुढे ‘मिस्ड कॉल’ दिल्यावर यंत्रणाच उलट फोन करू लागली. साक्षरता, इंटरनेट आणि पैसा या तिन्ही अटी अशा रीतीने शिथिल झाल्या.

या माध्यमातून एक स्थिर कथनरूप घडले. बोलणारा आपले नाव-गाव सांगतो, बंद पडलेल्या हातपंपाची किंवा थकलेल्या मजुरीची हकिकत मांडतो, संबंधित अधिकाऱ्याचा क्रमांक देतो आणि त्यास फोन करण्याची विनंती श्रोत्यांना करतो. काम झाल्यास पुन्हा फोन करून आभार मानतो. दूरच्या शहरातून अधिकाऱ्याला फोन करणारा श्रोता हाच येथला रागी. कथन पूर्ण होते ते त्याच्या हुंकारामुळे. वर्तमानपत्रातील वाचकपत्राहून हे रूप मूलतः भिन्न आहे, कारण येथे प्रतिसाद गृहीत नसून रचनेचाच भाग आहे.

तथापि, या रचनेत आणखी एक श्रोता आहे : संदेश तपासून तो पुढे सोडणारा संपादक. पडताळणीसाठी तो आवश्यक आहे, यात शंका नाही. परंतु रागी समोर बसलेला असतो. त्याने हुंकारू का थांबवला, हे गायकाला तत्क्षणी कळते. संदेश का निवडला वा का वगळला, हे बोलणाऱ्यालाही कळले पाहिजे. प्रणालीच्या लोकहितकारितेची खरी कसोटी येथे लागते.

दुसरी कसोटी भाषेची. 2011 च्या जनगणनेनुसार गोंडी भाषकांची संख्या सुमारे 30 लाख असून ते अनेक राज्यांत विखुरलेले आहेत. गोंडी कोठे देवनागरीत, तर कोठे तेलुगू लिपीत लिहिली जाते; मसराम आणि गुंजाला या तिच्या स्वतंत्र लिप्यांना युनिकोडमध्ये अनुक्रमे 2017 व 2018 मध्ये स्थान मिळाले. ध्वनिमाध्यम हा लिपिभेद सहज ओलांडते. परंतु तक्रार अधिकाऱ्यापर्यंत जायची तर तिला हिंदीचा आश्रय घ्यावा लागतो. परिणामी गाणे गोंडीत आणि गाऱ्हाणे हिंदीत, अशी विभागणी संभवते. गडचिरोलीत हिंदीची ही जागा मराठी घेते, हे मराठी अभ्यासकांनी ध्यानात ठेवावे.

केंद्रीय आदिवासी कार्य मंत्रालयाच्या 2025 च्या ‘आदि वाणी’ या अनुवाद-प्रणालीत गोंडीचा समावेश आहे. अनुवादामुळे भाषेचा अडसर कमी होऊ शकेल. ऐकण्याची जबाबदारी मात्र यंत्राकडे सोपवता येणार नाही. पंडवानीची परंपरा प्रणालीकारांना सुचवते ती हीच गोष्ट : वाणीला व्यासपीठ देणे ही अर्धीच रचना होय, हुंकारू कोण भरणार, हे निश्चित झाल्यावरच ती पूर्ण होते.