‘कळवता का?’ या प्रश्नात काय हरवतं

संशोधनासाठी लवकर होणारा विषय शोधताय? मग कुणीतरी तुम्हाला केएपी सर्वेक्षण सुचवेलच. केएपी म्हणजे ज्ञान, दृष्टिकोन आणि आचरण. रुग्णालयातले डॉक्टर, परिचारिका, फार्मासिस्ट यांना औषधांच्या प्रतिकूल प्रतिक्रियांबद्दल (एडीआर) काय माहीत आहे, काय वाटतं आणि ते त्या कळवतात का, हे वीस-पंचवीस प्रश्नांत विचारायचं. असे चार लेख वाचलेत की पाचव्याचा निष्कर्ष तुम्ही न वाचताच सांगाल: ज्ञान अपुरं, दृष्टिकोन चांगला, आचरण नगण्य, सबब प्रशिक्षण द्यावे.

मीही अशीच प्रश्नावली केली होती. चाचणीच्या वेळी एका सिस्टरांनी ‘एडीआर कळवणे आवश्यक आहे’ यापुढे ‘पूर्ण सहमत’ अशी खूण केली. ‘तुम्ही कधी एडीआर कळवली आहे का?’ यापुढे ‘नाही’. कागद परत देताना म्हणाल्या, “मागच्या महिन्यात एका पेशंटला इंजेक्शननंतर अंगभर पुरळ आलं. मी लगेच सरांना सांगितलं, औषध बंद झालं, केसपेपरवर लिहिलं. अजून कुणाला कळवायचं?”

माझ्या कोष्टकात त्या ‘न कळवणाऱ्या’ ठरल्या होत्या. त्यांच्या मते मात्र त्यांनी कळवलं होतं! मी विचारलं, “डिस्चार्ज कार्डवर ते आलं का?” ते त्यांना माहीत नव्हतं. म्हणजे तोच पेशंट उद्या दुसऱ्या दवाखान्यात गेला तर तेच इंजेक्शन पुन्हा मिळू शकतं. माझ्या प्रश्नावलीत याबद्दल एकही प्रश्न नव्हता.

भारतात औषधसतर्कता कार्यक्रम 2010 मध्ये सुरू झाला. त्याचं राष्ट्रीय समन्वय केंद्र गाझियाबादला भारतीय औषधसंहिता आयोगात आहे. फॉर्म डॉक्टरच नव्हे, परिचारिका आणि फार्मासिस्टही भरू शकतात. नुसता संशय पुरेसा असतो. अहवाल दिला म्हणजे चूक कबूल केली असं होत नाही, हे फॉर्मवरच छापलेलं आहे. हे किती जणांना माहीत आहे, एवढं केएपी सर्वेक्षण नीट सांगतं, आणि ते उपयोगाचं आहे. अडचण पुढे आहे. ‘कळवणं आवश्यक आहे का?’ याला ‘नाही’ कोण म्हणेल? तेही वरिष्ठांसमोर प्रश्नावली भरताना? आणि ‘आचरण’ म्हणून आपण मोजतो ते उत्तर देणाऱ्याच्या आठवणीतलं असतं.

याच्याशी हेझेल आणि शकीर यांचा 2006 चा आढावा ताडून पाहा. 12 देशांतल्या 37 अभ्यासांवरून त्यांनी काढलेलं न कळवण्याचं मध्यक प्रमाण 94 टक्के होतं. हा आकडा मतं विचारून मिळत नाही. प्रत्यक्षात किती प्रतिक्रिया घडल्या याचा अंदाज आणि किती कळवल्या गेल्या, या दोन्ही गोष्टी शेजारी ठेवाव्या लागतात.

न कळवण्याच्या कारणांसाठी बहुतेक लेख ब्रिटिश डॉक्टर इनमन यांची ‘सात पापं’ उद्धृत करतात: अज्ञान, संकोच, बेफिकिरी, खटल्याची भीती वगैरे. यादी उपयोगी आहे, पण ‘पाप’ म्हटलं की दोष माणसावर जातो. रात्रपाळीला फॉर्म कुठे असतो? भरलेला फॉर्म पुढे कोण नेतं? कळवल्यावर उत्तर येतं का? या प्रश्नांना त्या यादीत जागाच नाही.

म्हणून हा विषय घेणार असाल तर तीन गोष्टी करा. ‘कळवणे’ म्हणजे काय, हे प्रश्नातच स्पष्ट लिहा: सरांना सांगणं, केसपेपरवर नोंद, डिस्चार्ज कार्डवर नोंद, फॉर्म भरणं, हे चार वेगळे प्रश्न आहेत. शक्य असेल तर एथिक्स कमिटीची परवानगी घेऊन थोडे केसपेपर तपासा. आणि प्रश्नावली परत घेताना दोन मिनिटं थांबा. माझ्या सिस्टर जे बोलल्या ते कागदावर कुठेच नव्हतं.