पाचाचे वर्गमूळ सहा

एका चौकोनात मांजराचे चित्र काढले आहे. चौकोनाची बाजू एक मानली, तर त्यातल्या प्रत्येक बिंदूला क्ष आणि य असे दोन निर्देशक मिळतात. आता नियम इतकाच, की क्षच्या जागी 'दोन क्ष अधिक य' लिहायचे, यच्या जागी 'क्ष अधिक य' लिहायचे, आणि उत्तर चौकोनाबाहेर गेले तर पूर्णांक टाकून उरलेला अपूर्णांक ठेवायचा. या टाकून देण्यामुळे उजवी कड डाव्या कडेला आणि वरची कड खालच्या कडेला जोडली जाते, आणि आपला सपाट चौकोन सायकलच्या ट्यूबसारखा अखंड पृष्ठभाग होतो. व्लादिमीर आर्नॉल्ड आणि आंद्रे आवेझ यांनी 1960च्या दशकात आपल्या ग्रंथात ही क्रिया मांजराच्या चित्रावर करून दाखवली, आणि तेव्हापासून गणितात ती 'आर्नॉल्डचे मांजर' म्हणूनच नांदते आहे.

त्या मांजराचे काय होते, ते आपण सावकाश पाहू. प्रत्येक पावलाला चित्र एका तिरक्या दिशेने 2.618 पट ताणले जाते आणि तिच्याशी काटकोन करणाऱ्या दिशेने तितक्याच पटीने आक्रसते. क्षेत्रफळ मात्र तिळभरही बदलत नाही. 2.618 हा सुवर्ण गुणोत्तराचा वर्ग. दहा पावलांत, अगदी लगतच्या दोन बिंदूंमधले सूक्ष्म अंतर त्या ताणाच्या दिशेने सुमारे 15 हजार पट होते. कान, मिशा, शेपटी साऱ्यांचे बारीक धागे होतात आणि सर्वत्र विखुरतात. केऑसचे याहून नितळ उदाहरण मला माहीत नाही: नियम दोन ओळींचा, दैवयोगाला कुठे जागाच नाही, आणि तरी सुरुवातीची तीळभर चूक सारे भाकीत बुडवते.

आता हेच चित्र 124 गुणिले 124 ठिपक्यांचे करू, आणि अपूर्णांकाऐवजी 124 ने भागून उरणारी बाकी ठेवू. पहिल्या काही पावलांत तोच कल्लोळ दिसतो, ठिपक्यांची राखाडी धूळ होते. आणि पंधराव्या पावलाला मांजर जसेच्या तसे, मिशीसकट, परत येते!

हे पुनरागमन एकाच ठिपक्याच्या वाटेने निरखावे. (1, 0) पासून निघालो की (2, 1), मग (5, 3), मग (13, 8): या फिबोनाचीच्या संख्या आहेत, ज्यांचा शोध मात्रावृत्तांची मोजदाद करताना विरहांक आणि हेमचंद्र यांना फिबोनाचीच्या आधीच लागला होता. पंधराव्या पावलाला आपण (1346269, 832040) वर पोचतो. या दोन्ही संख्यांना 124 ने भागून पाहा. बाकी उरते 1 आणि 0. तेरा लाखांवर गेलेला प्रवासी उंबरठ्यावर उभा असतो.

पण पंधराच का? 124 म्हणजे 4 गुणिले 31, आणि सारे सौंदर्य त्या 31 मध्ये दडले आहे. 31 ने भागून उरणाऱ्या बाक्यांचे जग हे एक सांत क्षेत्र आहे: घटक फक्त 31, पण बेरीज, वजाबाकी, गुणाकार आणि शून्याखेरीज कशानेही भागाकार, सारे निर्वेध. या जगात 6 चा वर्ग 36, म्हणजे 5. म्हणून पाचाचे वर्गमूळ इथे चक्क सहा. मग सुवर्ण गुणोत्तर, एक आणि वर्गमूळ पाच यांची बेरीज भागिले दोन, इथे 19 होते, आणि स्वतःचा धर्मही पाळते: 19 चा वर्ग 361, बाकी 20, म्हणजे 19 अधिक 1. अपरिमेय म्हणून ज्याची ख्याती, ते गुणोत्तर इथे पूर्णांकांत सुखाने घर करून राहते. चित्राला ताणणारा 2.618 या जगात 20 झाला आहे. 20 चा घन घेतला की बाकी 2, आणि 2 चा पाचवा घात 32, म्हणजे 1. तीन पाचे पंधरा. उरलेल्या 4 चे चक्र तीन पावलांचे. ते पंधरात निमूट सामावते.

शेजारच्या 125 कडे वळलो, की मांजराला परतायला 250 पावले लागतात. 125 हा पाचाचा घन, आणि पाचच्या जगात पाच म्हणजे शून्य, त्याचे वर्गमूळही शून्य. ताणाची आणि आक्रसण्याची दिशा एकमेकींत विरून जातात. फ्रीमन डायसन आणि हॅरोल्ड फाल्क यांनी 1992 मध्ये दाखवले, की बाजू कितीही असो, पावले बाजूच्या तिपटीपलीकडे कधीच जात नाहीत.

आता ठिपके पुसून अखंड पृष्ठभागाकडे येऊ. एका पावलात, दोन, तीन, चार, पाच पावलांत स्वतःच्या जागी परतणारे बिंदू किती? 1, 5, 16, 45, 121. मोजण्याची रीत अशी, की 2.618 आणि त्याचा व्यस्त यांचे तितकेच घात घ्यायचे, प्रत्येक घात एकातून वजा करायचा, दोन्ही वजाबाक्यांचा गुणाकार करायचा आणि चिन्ह सोडून द्यायचे. आणि इथे मला राहून राहून आश्चर्य वाटते. सात घटकांच्या सांत क्षेत्रावरच्या लंबवृत्तीय वक्राचे, म्हणजे एका घन समीकरणाने ठरणाऱ्या वक्राचे, बिंदू मोजायचे, तर प्रत्येक निर्देशकाचा सातवा घात करणारी फ्रोबेनियसची क्रिया घेतात. तिने जे बिंदू हलत नाहीत, तेच त्या क्षेत्रातले बिंदू. क्षेत्र वाढवत नेले, की मोजणी वक्राच्या स्वतःच्या दोन संख्यांनिशी हुबेहूब याच साच्याची होते. फरक एवढाच, की मांजराच्या दोन संख्यांचा गुणाकार 1, वक्राच्या दोन संख्यांचा 7. मांजराच्या दोघींत एक थोर नि एक धाकटी, तर वक्राच्या दोघी समान आकाराच्या, हे हेल्मुट हासे यांनी 1930च्या दशकात सिद्ध केले. आंद्रे वेय यांनी 1949 मध्ये अशा मोजणीबद्दल व्यापक अनुमाने मांडली, आणि त्याच धर्तीवर मायकेल आर्टिन आणि बॅरी मेझर यांनी 1965 मध्ये गतिमान रचनांसाठी, परतणाऱ्या बिंदूंच्या साऱ्या मोजण्या एकत्र गुंफणारे झीटा फलन घडवले. बिंदू मोजणारी भूमिती आणि कल्लोळ मोजणारे शास्त्र एकाच सूत्राने बोलू लागले.

त्या यादीतला 121 पुन्हा पाहा. तो 11 चा वर्ग आहे, आणि पाच पावलांत परतणारे ते 121 बिंदू म्हणजे 11 गुणिले 11 च्या जाळीचे नेमके ठिपके, एकही कमी नाही, एकही जास्त नाही. 11 च्या जगात पाचाचे वर्गमूळ 4 आहे. सुवर्ण गुणोत्तर किती, ते आपणच काढावे, आणि चौकटीच्या कागदावर (1, 0) पासून पाच पावले स्वतः चालून पाहावीत.