रतनगड ते हरिश्चंद्रगड : पाण्याने आखलेली वाट

सह्याद्रीत मुक्काम करत चालण्याच्या वाटा पुष्कळ आहेत. त्यांत मी पहिला मान रतनगड ते हरिश्चंद्रगड या वाटेला देतो, आणि तो जालना जिल्ह्यातल्या परतूरचा माणूस म्हणून देतो. आमच्या तालुक्याच्या दक्षिण शिवेवरून गोदावरी वाहते. कुलंग आणि रतनगड यांच्या मधल्या डोंगरात प्रवरा उगम पावते, तर रतनगड आणि हरिश्चंद्रगड यांच्या मधल्या डोंगरात मुळा. दोघी नेवाशाजवळ एक होतात आणि टोक्याला गोदावरीला मिळतात. पुढे जायकवाडीचा नाथसागर आणि त्याच्या खाली आमची शीव. ज्या नेवाशात ज्ञानेश्वरी लिहिली गेली त्याच्या काठचे पाणी या दोन गडांच्या कुशीतून निघते, हे नकाशात पाहिले तरी उत्सुकता वाटते. पायाखाली पाहणे ही गोष्ट मात्र निराळी.

परतूरहून निघायला काही अवघड नाही. मुंबईकडच्या गाडीने इगतपुरी गाठायची, तिथून घोटी, घोटीहून भंडारदरा. पुढे रतनगडाच्या पायथ्याच्या रतनवाडीला पोचेपर्यंत डोळ्यांना सवय असलेली काळी सपाट रानं, कापूस, तूर, मोसंबी सगळे मागे पडलेले असते.

वाटेची सुरुवातच किती योग्य जागी होते ते पाहा. रतनवाडीत प्रवरेच्या काठी अमृतेश्वराचे मंदिर आहे. काळ्या पाषाणातले, शिल्पांनी गच्च भरलेले, शिलाहार काळातले. शिलाहार राजा झंझ याने गोदावरीपासून भीमेपर्यंतच्या १२ नद्यांच्या उगमांशी १२ शिवालये बांधली, अशी परंपरा आहे. प्रवरेपाशी अमृतेश्वर, कुकडीपाशी पूरचे कुकडेश्वर, पुष्पावतीपाशी खिरेश्वरचे नागेश्वर, आणि आपल्या वाटेच्या शेवटी हरिश्चंद्रेश्वर. म्हणजे या वाटेच्या दोन्ही टोकांना उगमाचा देव आहे. ही वाट एखाद्या गिर्यारोहण संस्थेने आखलेली नाही, पण तिला आरंभ आणि शेवट आहे तो यामुळे.

मंदिर मागे टाकले की वाट जंगलात शिरते आणि बराच वेळ प्रवरेचे पात्र ओलांडत राहते. पुढे जिच्यावर धरणे बांधावी लागली, ती इथे गोट्यांवर पाय ठेवून पार होते. याच पाण्यावर खाली भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले. जंगलात एक फाटा येतो. एक वाट गडावर चढते, दुसरी कात्राबाईच्या खिंडीकडे जाते. घाईचे लोक गड सोडून थेट खिंडीकडे वळतात. तसे करू नये. शिड्या चढून गणेश दरवाजातून आत जावे, उजवीकडे वळावे आणि पहिला मुक्काम रतनगडाच्या गुहेत करावा.

मुक्कामाच्या सोयीचेच बघायचे तर आल्प्समध्ये माँ ब्लाँ शिखराभोवती सुमारे १७० किलोमीटरची वाट आहे. ती फ्रान्स, इटली आणि स्वित्झर्लंड अशा तीन देशांतून जाते. तिच्यावर ठरावीक अंतराने डोंगरातली विश्रामघरे आहेत, बिछाना आणि गरम जेवण मिळते. ती व्यवस्था उत्तमच. आपल्याकडे छप्पर कातळातच कोरले आहे. नाणेघाटात सातवाहनांनी लेणे खोदले ते पैठण ते कोकण या व्यापारी वाटेच्या माथ्यावर. घाट चढून आलेल्या माणसाला सावली आणि पाणी हवे, हे त्या काळातही ओळखले होते. गडांवरच्या गुहा आणि टाकी त्याच जाणिवेतून आल्या आहेत, असे मला वाटते.

टाके नीट पाहण्यासारखे असते. वर तोंड चौकोनी आणि आत अंधार. थोडे वाकून पाहिले की आत कातळाचेच खांब सोडलेले दिसतात. खोदताना छत खचू नये एवढाच दगड ठेवला, बाकीचा काढला. तोंड लहान म्हणून ऊन आत पोचत नाही, आणि ऊन पोचत नाही म्हणून पाणी उन्हाळ्याकडे झुकले तरी टिकते. पाणी पावसाचे असतेच, शिवाय कातळाच्या भेगांतून झिरपतेही. आमच्याकडे विहीर खोदणारा काळी माती, मुरूम, मांजऱ्या, काळा पाषाण असे थर सांगत खाली जातो. सह्याद्रीतही लाव्ह्याचे थर एकावर एक बसले आहेत, फक्त ते उभ्या कड्यात उघडे पडलेत. कोणत्या थरात कोरता येईल आणि कोणता थर पाणी धरेल, हे त्या पाथरवटांना कळत होते. टाक्यांच्या जागा पाहिल्या की त्यांचे हे ज्ञान समजते. परतूरच्या विहिरीच्या काठावर जो खडक आडवा पाहिला, तो इथे उभा पाहायला मिळतो. माझ्या मते या वाटेतला सर्वांत मोठा आनंद हाच.

सकाळी गडावरच्या नेढ्यात, म्हणजे कातळातल्या आरपार भोकात, जाऊन बसावे, तिथला वारा खावा. पण फार रेंगाळू नये, कारण दुसरा दिवस लांबचा आहे. फाट्यापर्यंत उतरून कात्राबाईची खिंड चढायची. जंगल दाट, वाट अनेक ठिकाणी फसवी, म्हणून रतनवाडीतला वाटाड्या बरोबर हवाच. खिंडीत पोचल्यावर मागे प्रवरेचे खोरे राहते आणि पुढे मुळेचे सुरू होते. एक पाऊल टाकले की नदी बदलते. पश्चिमेच्या धारेवर पडलेला थेंब कोकणात उतरून अरबी समुद्राला जातो. खिंडीच्या दोन्ही उतारांवरचा थेंब मात्र नेवासा, टोके, पैठण असा पूर्वेला चालू लागतो आणि बंगालच्या उपसागरापर्यंत जातो. एवढे मोठे विभाजन, आणि तिथे पाटी नाही, कठडा नाही. या वाटेचा खरा कळस माझ्या लेखी ही खिंड आहे. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा त्याच्या नंतर.

खिंड उतरली की कुमशेत. महादेव कोळ्यांची वस्ती, पावसाळा संपताना खुरासणीची पिवळी रानं, नागलीची कणसं, हंगामात अंगणात वाळत घातलेला हिरडा. इथे गुहेत झोपायची गरज नाही, घरात जागा मिळते. चुलीवरची नागलीची भाकरी आणि पिठलं. आम्ही ज्वारीची भाकरी खाणारी माणसं, पण नागलीचा तो काळसर, किंचित तुरट घास चालून आलेल्या पोटाला जे देतो त्याला तोड नाही.

तिसऱ्या दिवशी मुळेचे पात्र ओलांडून पाचनईकडे, आणि पाचनईहून हरिश्चंद्रगड. हा शेवटचा टप्पा सर्वांना ठाऊक आहे आणि शनिवार-रविवारी तिथे गर्दी असते, म्हणून त्याच्याबद्दल थोडेच सांगतो. कर्नल साइक्सला इथे १८३५ साली इंद्रवज्र, म्हणजे वर्तुळाकार इंद्रधनुष्य, दिसल्याची गोष्ट लोक सांगतातच. आत वळलेला कोकणकडा भव्य आहे, यात शंका नाही. पण दोन दिवस पाण्याच्या मागे चालून आलेल्या माणसाने आधी केदारेश्वराच्या गुहेत जावे. भले मोठे शिवलिंग, भोवती कमरेएवढे गार पाणी, आणि चार खांबांपैकी आता एकच अखंड उभा. चौदाव्या शतकात चांगदेवांनी याच गडावर तप केले आणि ‘तत्त्वसार’ रचला. गडावरून निघणारी मंगळगंगा खाली मुळेलाच जाऊन मिळते. उलट दिशेने, हरिश्चंद्रगडाकडून रतनगडाकडे, ही वाट चालणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. सर्वांत मोठे ते पहिल्याच दिवशी पाहून झाले तर कात्राबाईची खिंड फक्त एक चढ उरते.

पावसाळा ओसरल्यापासून डिसेंबरपर्यंतचा काळ उत्तम. पुढे टाक्यांतले पाणी उतरत जाते आणि ऊन वाढते. भर पावसात ओढे अंगावर येतात, तेव्हा जाऊ नये. टाक्यात उतरू नका, पाणी भांड्याने काढून बाजूला वापरा. आणि कुमशेतचा मुक्काम वगळून दोन दिवसांत वाट उरकू नका. तिथल्या घरी जेवणाचे आणि वाटाड्याचे पैसे सांगतील तेवढे द्या, घासाघीस करू नका.