'नटसम्राट': रंगमंच ते रुपेरी पडदा – एका असमतोल माध्यमांतराची चिकित्सा

प्रस्तावना

वि. वा. शिरवाडकर यांचे 'नटसम्राट' हे नाटक दि. २३ डिसेंबर १९७० रोजी धी गोवा हिंदू असोसिएशनने मुंबईत रंगभूमीवर आणले. दिग्दर्शक होते पुरुषोत्तम दारव्हेकर. गणपतराव बेलवलकरांची भूमिका डॉ. श्रीराम लागू यांनी, तर कावेरीची भूमिका शांता जोग यांनी साकारली. १९७४ मध्ये या नाटकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पुढे दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त अशा समर्थ नटांनी ही भूमिका केली आणि मराठी नटाच्या सामर्थ्याची ती जणू कसोटीच ठरली. या नाटकावर आधारित महेश मांजरेकर दिग्दर्शित चित्रपट १ जानेवारी २०१६ रोजी प्रदर्शित झाला. नाना पाटेकर यांची प्रमुख भूमिका असलेल्या या चित्रपटाला प्रेक्षकांचा मोठा प्रतिसाद लाभला. २०१८ मध्ये त्याची गुजराती आणि २०२३ मध्ये 'रंगमार्तंड' या नावाने तेलुगू आवृत्तीही आली.

यशस्वी चित्रपटाची चिकित्सा करताना 'मूळ नाटकाची सर त्याला नाही' असा निर्वाळा देऊन मोकळे होणे सोपे असते. प्रस्तुत लेखाचा तसा हेतू नाही. या चित्रपटात काही प्रसंग असामान्य उंची गाठतात, तर काही प्रसंग सर्वसाधारण कौटुंबिक चित्रपटाच्या पातळीवर उतरतात. ही चढउतार कोठे आणि कशामुळे होते, याचा शोध येथे घ्यावयाचा आहे. जेथे चित्रपट स्वतःचे नवे काही निर्माण करतो तेथे तो शोकात्मिकेच्या जवळ जातो आणि जेथे तो नाटकाचे शब्द जपतो, परंतु त्या शब्दांचे प्रेक्षकाशी असलेले नाते गमावतो, तेथे तो दुबळा होतो, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

प्रेक्षकाचे स्थान

'नटसम्राट' नाटकाचा आरंभ गणपतरावांच्या सत्कारसमारंभाने होतो. निवृत्त होणारा थोर नट हारतुरे स्वीकारतो आणि समोरच्या रसिकांशी बोलतो. हे रसिक म्हणजे नाट्यगृहात तिकीट काढून बसलेले प्रत्यक्ष प्रेक्षकच होत. पडदा उघडताच नाटककाराने आपल्याला एक भूमिका बहाल केलेली असते. आपण टाळ्या वाजवतो, त्या लागूंना की बेलवलकरांना, हे सांगता येत नाही. हा संभ्रम नाटककाराने जाणीवपूर्वक योजलेला आहे. पुढे हाच नट घराला पारखा होतो, फुटपाथवर येतो आणि त्याच प्रेक्षागृहाकडे तोंड करून निवारा मागतो. तेव्हा त्याची याचना केवळ मुलांना उद्देशून राहत नाही. पहिल्या अंकात ज्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यांच्यापुढेच शेवटी हात पसरलेला असतो. नटाला डोक्यावर घेणारा आणि पडदा पडताच त्याला विसरणारा समाज येथे आरोपीच्या पिंजऱ्यात उभा आहे, आणि त्या समाजात आपणही आहोत, ही जाणीव नाटकाच्या परिणामाचा गाभा आहे.

चित्रपटातही सत्कार आहे, भाषण आहे, टाळ्या आहेत. परंतु टाळ्या वाजवणारे रसिक आता पडद्यावर आहेत. चित्रपटगृहातील प्रेक्षक त्यांच्याकडे पाहतो, त्यांच्यात बसत नाही. वरवर पाहता हा बदल माध्यमाच्या स्वरूपामुळे अटळ वाटतो. त्याचा परिणाम मात्र दूरगामी आहे. प्रेक्षक त्या समारंभाचा साक्षीदार उरल्यामुळे पुढे घडणाऱ्या अन्यायाच्या जबाबदारीतून तो आपोआप मुक्त होतो. मग दोष कोणाला द्यायचा? पडद्यावर सून आहे, मुलगा आहे, मुलगी आणि जावई आहेत. दोषाचे सारे ओझे त्यांच्या खांद्यावर जाते. चित्रपटगृहातून बाहेर पडणारा प्रेक्षक डोळे पुसत असतो, पण ते अश्रू स्वतःविषयीच्या अस्वस्थतेचे नसतात.

शोकात्म दोषाचा प्रश्न

'नटसम्राट'वर शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'ची छाया आहे, हे सर्वज्ञात आहे. शिरवाडकरांनी 'मॅक्बेथ'वरून 'राजमुकुट' लिहिले, 'ऑथेल्लो'चे रूपांतर केले. 'नटसम्राट' मात्र रूपांतराच्या मर्यादा ओलांडून स्वतंत्र कृती ठरले. राज्याच्या जागी आयुष्यभराची मिळकत आली आणि लिअरच्या नाटकात जिचा मागमूस नाही ती पत्नी कावेरीच्या रूपाने अवतरली. लिअर वादळात सापडतो, तर बेलवलकर स्वतःलाच वादळ समजतो. हा फरक लक्षणीय आहे, कारण गणपतरावांच्या विनाशाचे बीज बाहेरच्या परिस्थितीइतकेच त्यांच्या स्वभावात दडलेले आहे.

हा माणूस घरातही नटच राहतो. घर त्याच्या दृष्टीने रंगमंचाचा विस्तार आहे आणि घरातील माणसे प्रेक्षक आहेत. सर्वस्व वाटून टाकणे ही त्याची उदारता खरीच, परंतु तो त्याच्या कारकिर्दीचा अखेरचा नाट्यपूर्ण प्रवेशही आहे. टाळी घेऊन निघून जावे, असा त्याचा आविर्भाव असतो. अडचण अशी की या प्रवेशानंतर पडदा पडत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच घरात उठावे लागते, चहाची वाट पाहावी लागते. नटाला लाभलेला भव्यतेचा हव्यास आणि संसाराला लागणारा समंजस लहानपणा यांतील संघर्ष हा या शोकात्मिकेचा मूळ संघर्ष होय. कावेरीला हे कळते. म्हणून नवऱ्यावर निस्सीम प्रेम करतानाही ती जमिनीवर पाय ठेवून असते.

या दृष्टीने पाहता सुनेची तक्रार नाटकात सर्वस्वी निराधार नाही. नातीच्या वागण्याबोलण्यावर आजोबांची पडलेली छाप, घराच्या शिस्तीत त्यांचे न मावणे, हे प्रश्न कोणत्याही घरात उभे राहतील असेच आहेत. चित्रपट हे प्रसंग वगळत नाही. मात्र कॅमेरा क्वचितच सुनेच्या बाजूने उभा राहतो. पाटेकरांच्या दुखावलेल्या चेहऱ्याचे समीपदृश्य आणि त्यामागून येणारे पार्श्वसंगीत प्रेक्षकाच्या मनाचा निर्णय आधीच करून टाकतात. 'अवतार' (१९८३) आणि 'बागबान' (२००३) यांसारख्या हिंदी चित्रपटांनी कृतघ्न मुले आणि सोशीक आईवडील यांचा जो साचा रूढ केला, त्याकडे 'नटसम्राट'चा पूर्वार्ध वारंवार झुकतो. साचा हाती आला की दोषी आणि निर्दोष यांची वाटणी सोपी होते. शोकात्मिकेला हीच वाटणी मानवत नाही.

येथे 'लिअर'च्याच चित्रपटीय इतिहासातील तीन उदाहरणे उद्बोधक ठरतील. पीटर ब्रुक यांच्या १९७१ च्या 'किंग लिअर'मध्ये पॉल स्कोफिल्डचा लिअर आणि त्याचे सरदार गॉनरिलच्या घरात खराखुरा धुडगूस घालतात. तिची तक्रार रास्त वाटू लागते आणि तरीही लिअरचे हाल पाहवत नाहीत. त्याच वर्षीच्या ग्रिगोरी कोझिन्त्सेव्ह यांच्या रशियन चित्रपटात निराधारांच्या झुंडी पडद्यावर येतात. आपण राजा असताना ज्यांच्याकडे पाहिले नाही, त्यांच्यातच लिअर जाऊन पोहोचतो. अकिरा कुरोसावा यांच्या 'रान' (१९८५) मध्ये वृद्ध सरदाराचा भूतकाळच रक्ताने माखलेला आहे. त्याने उद्ध्वस्त केलेल्या घराण्यातील मुली त्याच्याच सुना झालेल्या आहेत. तिन्ही दिग्दर्शकांनी नायकाला दयेचा विषय करण्याआधी त्याच्या दोषाला भरीव रूप दिले. तसे केल्याने करुणा उणावली नाही, उलट ती अधिक खोल झाली. मांजरेकरांचा चित्रपट नायकाच्या तापटपणाचे, मद्यपानाचे आणि फटकळपणाचे दर्शन घडवतो, परंतु ते अवगुण बहुधा लाघवी वाटावेत अशाच रीतीने येतात. ते कोणाचे तरी आयुष्य दुष्कर करतात, हे फारसे जाणवत नाही.

रामभाऊ: चित्रपटाची स्वतःची निर्मिती

असे असूनही हा चित्रपट सहज बाजूला सारता येत नाही, याचे प्रमुख कारण रामभाऊ ही व्यक्तिरेखा होय. मूळ नाटकात नसलेला हा नट-मित्र विक्रम गोखले यांनी साकारला आहे. गणपतरावांना येथे प्रथमच बरोबरीचा माणूस भेटतो. कुटुंबीयांपुढे ते वडील आहेत, रसिकांपुढे सम्राट आहेत. रामभाऊंपुढे मात्र ते केवळ एक नट आहेत, आणि तेही कदाचित दोघांतले श्रेष्ठ नव्हेत, अशी शंका डोकावते. या शंकेमुळे नायकाच्या व्यक्तिमत्त्वाला जो पीळ पडतो, तो चित्रपटात अन्यत्र दिसत नाही.

रुग्णालयातील प्रसंग या दृष्टीने चित्रपटाचा उत्कर्षबिंदू आहे. कर्ण आणि कृष्ण यांचा संवाद दोन थकलेले नट म्हणू लागतात. समोर प्रेक्षक नाहीत, प्रकाशयोजना नाही, वेशभूषा नाही. गोखल्यांचा आवाज खालच्या पट्टीत राहतो आणि शब्दांचे वजन वाढते. पाटेकर आपला नेहमीचा आवेग आवरून समोरच्याचे ऐकत राहतात. ऐकणाऱ्या नटाचा चेहरा दाखवणे हे चित्रपटाचे खास सामर्थ्य आहे. रंगमंचावर बोलणाऱ्याकडे लक्ष जाते, पडद्यावर ऐकणाऱ्याकडे नेता येते. माध्यमाचा हा गुण येथे अचूक वापरला गेला आहे. भूमिका हाच या दोघांचा खरा निवारा आहे, हे कोणत्याही स्पष्टीकरणाविना उमगते. घर मागणाऱ्या प्रसिद्ध स्वगताने जे साधायचे, ते या शांत प्रसंगाने अधिक प्रभावीपणे साधले आहे, असे म्हणावेसे वाटते.

या नव्या निर्मितीची किंमतही चित्रपटाला मोजावी लागली आहे. नाटकात गणपतरावांचा अखेरचा जाणता श्रोता कावेरी असते. तिला 'सरकार' म्हणून हाक मारताना ते सम्राटपद तिच्या पायाशी ठेवतात. ती गेल्यावर त्यांचे ऐकणारे कोणी उरत नाही आणि मग बूट पॉलिश करणारा राजा ती जागा आपल्या परीने भरून काढतो. चित्रपटात रामभाऊ या साखळीत मध्येच येतात आणि कावेरीच्या वाट्याचे पुष्कळसे घेऊन जातात. मेधा मांजरेकर यांनी संयमाने काम केले असले, तरी पटकथेने कावेरीला सोशिकपणाच्या पलीकडे फारसे नेलेले नाही. त्यामुळे तिचा मृत्यू दुःखद वाटतो, पण त्याने जग ओस पडल्याची जाणीव होत नाही.

स्वगत आणि समीपदृश्य

शिरवाडकर मूलतः कवी होते. गणपतरावांची स्वगते ही गद्यरूप कविताच होय. रंगमंचावर अशा भाषेला अंतर लागते. शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचण्यासाठी नटाला आवाज उंचावावा लागतो आणि त्या उंचीवर अलंकारिक भाषा स्वाभाविक वाटते. कॅमेरा हे अंतर नाहीसे करतो. चेहरा पडदाभर दिसू लागला की ओठांची थरथरही पुरेशी बोलते. मग त्याच चेहऱ्याने पूर्ण आवाजात स्वगत म्हटले की एकच भाव दोनदा सांगितल्यासारखे होते. पाटेकर यांची शब्दफेक, आकस्मिक विराम आणि कडवट विनोद यांचे सामर्थ्य वादातीत आहे. कावेरीशी चाललेल्या साध्या बोलण्यात, राजाबरोबरच्या थट्टेत त्यांचा अभिनय अत्यंत सच्चा वाटतो. स्वगते येतात तेव्हा मात्र चित्रपट थांबतो आणि नाटकाचा प्रयोग सुरू होतो. जळालेल्या नाट्यगृहाची प्रतिमा योजून दिग्दर्शकाने या भाषेला दृश्य आधार देण्याचा प्रयत्न केला आहे, आणि कल्पना म्हणून ती समर्पक आहे. प्रेक्षकांविना उरलेले, काजळलेले प्रेक्षागृह हे नाटकातील जिवंत प्रेक्षागृहाचे चित्रपटीय उत्तर होऊ शकले असते. परंतु ती प्रतिमा नायकाच्या एकाकीपणाची पार्श्वभूमी होऊन राहते. ती राख कोणाच्या उदासीनतेची, हा प्रश्न चित्रपट विचारत नाही.

समारोप

मराठीच्या वर्गात आज या प्रश्नाला केवळ समीक्षेचे मूल्य उरलेले नाही. 'नटसम्राट'ची संहिता वाचण्यापूर्वी विद्यार्थ्याने चित्रपट पाहिलेला असण्याची शक्यता मोठी आहे. अशा विद्यार्थ्याला नाटकाचा विषय विचारला, तर 'वृद्धांची समस्या' असे उत्तर सहज येते. ते उत्तर चुकीचे नाही, पण अपुरे आहे. कलावंताचा अहंकार, रसिकांची क्षणिक निष्ठा आणि समाजाचे ऋण हे सारे त्यातून निसटते. म्हणून चित्रपट वर्गाबाहेर ठेवण्यापेक्षा तो संहितेशेजारी ठेवून शिकवणे श्रेयस्कर ठरेल. सत्काराचा प्रवेश आधी संहितेतून मोठ्याने वाचावा, मग पडद्यावर पाहावा आणि 'टाळ्या कोण वाजवत आहे?' एवढाच प्रश्न विचारावा. रुग्णालयातील प्रसंग दाखवून 'हे नाटकात का नाही?' असेही विचारावे. माध्यमांतर म्हणजे काय, हे सिद्धान्ताच्या व्याख्येपेक्षा या दोन प्रश्नांतून अधिक स्पष्ट होईल.

मांजरेकरांच्या चित्रपटाने एका अभिजात नाटकाला नवा आणि विस्तृत प्रेक्षक मिळवून दिला, हे श्रेय त्याला निःसंशय द्यावयास हवे. रामभाऊंच्या रूपाने त्याने मूळ कृतीला एक मोलाची जोडही दिली. परंतु नाटकाने प्रेक्षकाला ज्या अपराधात सहभागी करून घेतले होते, त्यातून चित्रपटाने त्याला सोडवले. गणपतराव बेलवलकर आपल्याकडे पाहून घर मागत होते. पडद्यावर ते मागतात तेव्हा त्यांची नजर आपल्यापर्यंत येत नाही आणि उत्तर देण्याची जबाबदारीही आपल्यावर उरत नाही.