मुदतीचा डाव : जलद बुद्धिबळाच्या नियमांची समीक्षा

२८ जुलै २०२५ रोजी जॉर्जियातील बाटुमी येथे नागपूरच्या दिव्या देशमुख हिने कोनेरू हंपीसारख्या मुरब्बी खेळाडूवर २.५–१.५ अशी मात करून महिला विश्वचषक जिंकला आणि ती भारताची ८८ वी ग्रँडमास्टर ठरली. विजयाच्या जल्लोषात तो कोणत्या नियमांखाली मिळाला याची चिकित्सा मागे पडावी, हे स्वाभाविकच होते. अंतिम सामन्याचे दोन्ही पारंपरिक डाव बरोबरीत सुटले, आणि फैसला झाला तो प्रत्येकी १५ मिनिटे व दर खेळीला १० सेकंदांची वाढीव मुदत अशा जलद डावांत. ज्या खेळाची कीर्ती दीर्घ चिंतनावर उभी आहे, त्याचे सर्वोच्च मान अशा तऱ्हेने ठरावेत काय, हा प्रश्न रास्त आहे; मात्र त्याचे उत्तर गतीवर अवलंबून नसून गतीच्या नियमांवर अवलंबून आहे, असे आमचे मत आहे.

गतीविषयीची तक्रार मुळातच जुनी. आपल्या देशी बुद्धिबळात प्यादे पहिल्या खेळीतही एकच घर सरकत असे. युरोपात त्याला मध्ययुगातच दोन घरांची मुभा मिळाली, आणि पंधराव्या शतकाच्या अखेरीस वजिराला आजची दूरवरची गती लाभली. १८८३ साली लंडनच्या स्पर्धेत यांत्रिक घड्याळे आली, तेव्हापासून विचाराच्या कालावधीचाही रीतसर हिशेब होऊ लागला. अर्थात ज्याला आपण आज पारंपरिक म्हणतो, तो डावही अनेकवार त्वरित केलेल्या खेळाचेच एक रूप होय.

युद्धाच्या अन्य पटांचा इतिहासही येथे उद्बोधक आहे. १८२४ मध्ये प्रशियन अधिकारी राइस्विट्झ याने सैनिकी शिक्षणासाठी जो रणखेळ सिद्ध केला, त्यात फासे, कोष्टके व हानीचे हिशेब यांचा इतका विस्तार झाला, की १८७६ मध्ये फेर्दी द्यू वेर्नुआ या सेनानीने कोष्टके बाजूस सारून निर्णयाची मुखत्यारी अनुभवी पंचाकडे सोपविली. पुढे १९१३ साली एच. जी. वेल्स याने शिशाच्या सैनिकांचे खेळ घरगुती मनोरंजनासाठी सुटसुटीत केले, तेव्हा त्याने तोफांच्या माऱ्याचा निकाल स्प्रिंगच्या खेळण्यातल्या तोफेच्या प्रत्यक्ष नेमावर सोडला आणि खेळीलाही वेळेचे बंधन घातले. या तिन्ही प्रयत्नांतून एक तत्त्व निष्पन्न होते : नियम कमी करून खेळ जलद होतो खरा, परंतु वगळलेल्या नियमाचे कार्य कोणी तरी पार पाडावेच लागते, ते पंचाच्या विवेकाने पाडले की नुसत्या दैवाने, यावर त्या खेळाची योग्यता ठरते.

हाच निकष जलद बुद्धिबळाला लावला असता वाढीव मुदतीचे महत्त्व ध्यानी येते. बॉबी फिशर याने दर खेळीगणिक काही सेकंद परत देणाऱ्या घड्याळाच्या स्वामित्वहक्कासाठी १९८८ मध्ये अर्ज केला आणि १९९२ मधील स्पास्कीविरुद्धच्या सामन्यात त्याचा वापरही झाला. ही वाढीव मुदत नसलेल्या डावात घड्याळ शून्याकडे धावू लागले, की निर्विवाद जिंकलेला पटही हाताच्या चपळाईने हरता येतो. मोहरे कलंडतात, घड्याळावर थापा बसतात, आणि बिचाऱ्या पंचाला विचारवंतांच्या सामन्यात तंटे मिटविणाऱ्या फौजदाराची भूमिका घ्यावी लागते. दहा सेकंदांची मुदत मिळाली तर निदान जिंकलेला डाव जिंकून दाखविण्याइतका श्वास खेळाडूस उरतो. १५ मिनिटे व १० सेकंद या पद्धतीत ६० खेळ्यांच्या डावाला दोघांची मिळून फार तर ५० मिनिटे लागतात, म्हणून एका दिवसात सहा-सात फेऱ्या सुखेनैव उरकतात. जागतिक जलद स्पर्धेने हीच पद्धत स्वीकारली आहे. तेथील अतिजलद स्पर्धेतील ३ मिनिटे व २ सेकंदांचे डाव मात्र स्मरणशक्तीची व नेत्रदृष्टीची परीक्षा म्हणून मानावेत. ज्याने अद्याप विचार करणे शिकलेलेच नाही अशा बालकाला त्यांचे व्यसन लावणे श्रेयस्कर नव्हे.

नागपूरचा दाखला दोन्ही बाजूंनी बोलका आहे. दिव्याने २०२३ मध्ये कोलकात्याच्या टाटा स्टील स्पर्धेत महिलांचे जलद विजेतेपद पटकावले. रौनक साधवानी याने त्याच वर्षी इटलीतील सार्डिनिया येथे वीस वर्षांखालील जागतिक जलद स्पर्धा जिंकली. परंतु बाटुमीलाच उपान्त्य फेरीत तान झोंगयीला नमविणारा दिव्याचा डाव पारंपरिक होता आणि तो १०१ खेळ्यांपर्यंत चालला. रौनक २०१९ मध्ये व संकल्प गुप्ता २०२१ मध्ये ग्रँडमास्टर झाले, तेही पारंपरिक डावांतील नॉर्म मिळवूनच. दीर्घ डावांत अंत्यखेळाचे जे मर्म बुद्धीत मुरते, तेच जलद डावाच्या अखेरच्या मिनिटाला कामी येते. अंतिम फेरीत निर्णायक डावाच्या शेवटी वेळेची टंचाई भासत असता हंपीच्या हातून चूक झाली आणि काळ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या दिव्याने तिचा लाभ उठवला, याचे कारण केवळ हाताच्या वेगात शोधणे अन्यायाचे होईल.

म्हणून आपल्या शहरातील स्पर्धासंयोजकांना आमची नम्र सूचना एवढीच, की सभागृहाचे भाडे व शाळांच्या सुट्ट्या पाहून एकदिवसीय जलद स्पर्धा भरवाव्यात, पण वाढीव मुदतीवाचून भरवू नयेत. मुदतीचा तपशील परिपत्रकात आधीच स्पष्टपणे नमूद करावा. आणि जलद स्पर्धांच्या जोडीला वर्षातून निदान एक पारंपरिक स्पर्धा अवश्य ठेवावी. जलद खेळ शिकलेल्या विद्येची परीक्षा घेतो. ती विद्या शिकविण्याचे काम अद्याप दीर्घ डावाकडेच आहे.