सात प्रश्न, आणि पुढे?

अमेरिकेतल्या तज्ज्ञमंडळाने 2023मध्ये सुचवलं, की 64 वर्षांपर्यंतच्या प्रौढांना चिंताविकारासाठी नेमाने तपासावं. त्यासाठी वापरतात ती ‘जीएडी-7’ प्रश्नावली मी वाचली. सात प्रश्न, मागच्या दोन आठवड्यांचे, गुण 21पर्यंत. हेतू चांगला. पण आमच्या नार्व्यातली बाई ‘चिंता वाटते’ कुठं म्हणते? ‘छातीत धडधडतं, झोप नाही’ म्हणते. त्या सातांत ना धडधड, ना झोप! आणि तपासल्यावर पुढे काय? आपल्या गोव्यातल्या ‘मानस’ प्रयोगाचे निष्कर्ष 2010मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. तिथं सरकारी आरोग्यकेंद्रांत तपासणीपाठोपाठ डॉक्टर नसलेले, पण शिकवून तयार केलेले समुपदेशक बसून बोलत. चिंता-नैराश्याच्या रुग्णांना गुण आला. मैत्रिणींनो, तुमचे गुण कुणी मोजले, तर ‘आता बोलायचं कुणाशी?’ हे विचाराच.