तानपुरा शोभेला, सूर मोबाइलचा

कोकणातल्या मैफलींमध्ये अलीकडे एक प्रथा रुजली आहे आणि तिच्याविरुद्ध आता स्पष्ट लिहायलाच हवं. मंचावर मिरजेचे दोन देखणे तानपुरे असतात, त्यांवर दोन शिष्य बसलेले असतात, आणि सभागृहभर पसरतो तो सूर मात्र गायकाच्या मांडीशेजारच्या मोबाइलचा. तानपुऱ्यांसमोर माइक नसतोच. असला तर मिक्सरवर त्याचा आवाज बंद असतो. पोफळीपासून रत्नागिरीपर्यंत हेच चाललं आहे, आणि कुणाला त्यात काही खटकत नाही, हे मला अधिक खटकतं.

यंत्राशी माझं वैर नाही. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस बंगळुरूच्या जी. राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तानपुरा घडवला आणि घरोघरी एकट्याने रियाज करणाऱ्यांची मोठी सोय झाली. पुढे खऱ्या तानपुऱ्याचं ध्वनिमुद्रण साठवून वाजवणारी यंत्रं आली, मग आयटॅब्लाप्रोसारखी अ‍ॅप आली. कोकणच्या पावसाळ्यात खुंट्या फुगतात, तारा गंजतात, एसटीत भोपळा सांभाळावा लागतो. इथल्या विद्यार्थ्याने अ‍ॅपवर रियाज केला तर त्यात गैर काहीच नाही. इलेक्ट्रॉनिक तबल्याचंही तसंच, रियाजापुरता ठीक.

प्रश्न मैफलीचा आहे, आणि तो जवारीपाशी सुरू होतो. तानपुऱ्याची घोडी सपाट दिसते, पण तिची पाठ कानशीने अगदी किंचित उतरती घासलेली असते; हीच जवारी. छेडलेली तार त्या उतारावर एका बिंदूत टेकत नाही, थरथरत घासत राहते. तारेखाली सुताचा दोरा असतो. तो केसभर पुढे-मागे सरकवला की बंद, बोथट आवाज एकदम उघडतो आणि त्यातून वरचे स्वर एकामागून एक फुटू लागतात. खर्जाच्या तारेतून न छेडलेला गंधार ऐकू येतो तो इथूनच. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये भारतीय तंतुवाद्यांवर लिहिताना नेमकं हेच नोंदवलं: जिथे छेडलं तिथे ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू असतो, तो उपस्वर नियमाने उमटू नये, पण तानपुऱ्यात तो उमटतो. मिरजेचे कारागीर जवारी काढण्याचं काम पिढ्यान् पिढ्या कानाने करत आले आहेत. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. मानांकन मिळालं आणि मंचावरून आवाज गेला, अशी आजची अवस्था आहे.

अ‍ॅपमध्ये या सगळ्याचा एक तुकडा असतो. कधीतरी, कुठल्यातरी खोलीत, एका चांगल्या तानपुऱ्याचा तो आवाज टिपलेला असतो आणि तोच पुन्हा पुन्हा फिरत राहतो. साध्या पद्धतीने त्याची पट्टी चढवली की तारेबरोबर भोपळ्याचा घुमाराही वर सरकतो, जणू वाद्यच आकसलं. कान हे ओळखतो, फक्त त्याला ते ओळखू दिलं पाहिजे.

इथे गिटारवाल्यांकडे पाहण्यासारखं आहे. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर जोरात वाजवला की त्याचा वीजदाब क्षणभर खाली बसतो, स्वर दबतो, फाटतो आणि पुन्हा उभारी धरतो. तांत्रिकदृष्ट्या हा दोष, पण रॉक संगीताचा सगळा नाद त्यावर उभा आहे. डिजिटल नक्कल करणारे अभियंते नव्वदच्या दशकापासून या दोषामागे लागले आहेत. लाइन सिक्सचा पॉड १९९८ चा, केम्परचं यंत्र २०११ चं; आता तर न्यूरल नेटवर्कला एकेक अ‍ॅम्प्लिफायर शिकवला जातो. बोटाचा जोर बदलला की नक्कलही बदलली पाहिजे, यावर ते अडून बसले, आणि तरीही कित्येक वादक व्हॉल्व्ह सोडायला तयार नाहीत. कारण अ‍ॅम्प्लिफायरसमोर उभं राहिलं की त्याच्या आवाजाने गिटारच्या तारा पुन्हा थरथरतात. तानपुऱ्याचंही तेच. गायकाचा षड्ज नेमका लागला की मागच्या तारा आपोआप त्याला साद देतात. आपण मात्र त्या अभियंत्यांइतकीही मागणी केली नाही. गाण्याला काहीही उत्तर न देणारा, फिरता तुकडा आपण निमूट स्वीकारला, आणि तोही स्वराला सर्वस्व मानणाऱ्या संगीतात!

सबबी ठरलेल्या आहेत. ध्वनियोजक म्हणतो, तानपुऱ्याचा माइक फीडबॅक देतो. मग मंचावरचे मॉनिटर कमी करा, माइक घोडीजवळ आणा. गायक म्हणतो, तानपुरा उतरतो. उतरणारच, म्हणून तर शिष्य मागे बसतो, मणी सरकवतो, मारव्यासाठी पंचमाची तार निषादावर नेतो, आलापात हात हलका ठेवतो. किशोरी आमोणकरांची तानपुरे जुळवण्याबाबतची निष्ठा सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांच्या नावाने गहिवरणाऱ्यांनीच गाताना मोबाइल चालू करावा, हे मला मान्य नाही.

सर्वांत मोठं नुकसान त्या शिष्याचं आहे. गुरूच्या मागे बसून तानपुरा छेडत गाणं ऐकणं ही आपल्याकडची खरी शाळा. ज्याच्या हातातल्या तारा सभागृहात कुणालाच ऐकू जात नाहीत, त्याने जुळवणीचा ध्यास का घ्यावा? आणि चांगला जुळलेला तानपुरा कुणी मागितलाच नाही, तर मिरजेत जवारी काढायला नवा मुलगा का बसेल? अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, ते वाद्यं स्वतःच्या हाताने दुरुस्त करत. आज किती गायकांना दोरा सरकवता येतो?

म्हणून कोकणातल्या आयोजकांना माझं सांगणं आहे. कुंभार्ली घाट चढून कराडमार्गे मिरज काही फार लांब नाही. मंडळाचे दोन तानपुरे घ्या आणि दर पावसाळ्यानंतर त्यांची जवारी काढून आणा. ध्वनियोजकाला आधीच बजावून ठेवा की दोन्ही तानपुरे ऐकू गेलेच पाहिजेत. आणि निमंत्रणपत्रिकेवर तबला-संवादिनीच्या नावांखाली तानपुऱ्यावर बसणाऱ्यांची नावं छापा.